वसंतभावजींचा दोरा

दुकानदाराने रीळ पुढे केलं की वसंतभावजी आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे. बाकीचे लोक वस्तू पारखायला चष्मा चढवतात. हे हातभर दोरा सोडवून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि तो खालच्या ओठावरून सावकाश ओढायचे. ओठाला खरखर लागली तर चार पदरी. अलगद सरकला तर आठ पदरी. मध्येच कुठे टोचला तर वीण चुकलेली, रीळ परत. एकदा तिथला नवा विक्रेता म्हणाला, "काका, तोंडाला लावू नका, दुसऱ्या गिऱ्हाइकालाही विकायचंय." भावजी डोळे न उघडता म्हणाले, "विका की. वेष्टनावरचं वाचून घेणारे पुष्कळ येतात, त्यांना विका."

मी पिशवी धरून बाजूला उभी होते. त्या माणसाचं तोंड पडलेलं मला दिसलं. भावजींना दिसलं नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते.

वसंतभावजी माझे धाकटे दीर. गेल्या वर्षी गेले. आम्ही पटवेकरी, म्हणजे सराफाने घडवलेले मणी, वाट्या, पदकं रेशमात ओवून देणारे, गोफ विणणारे. माझे यजमान शेवटपर्यंत हेच करत होते आणि मी अजून करते. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत खिडकीशी बसते आणि मंगळसूत्रं ओवते. भावजींनी मात्र कारखान्याच्या गोदामात नोकरी धरली. लग्न केलं नाही. जेवायला माझ्याकडे, झोपायला वरच्या मजल्यावर. पण बोटं पटवेकऱ्याचीच राहिली, आणि ती त्यांनी माशांच्या कामाला लावली.

गळाला गांडूळ लावून तासन्‌तास बसणारी माणसं वेगळी. भावजी आणि त्यांची मंडळी दोऱ्याला प्लास्टिकचा बेडूक नाहीतर पत्र्याचा मासा बांधायची, लांब फेकायची आणि जिवंत असल्यासारखा नाचवत ओढून घ्यायची. खडकवासल्याला धरणाच्या वरच्या अंगाला पाणी उथळ आहे आणि गवत माजलेलं आहे. तिथे मरळ असते. मरळ त्या बेडकावर तुटून पडते. मग तिला काठावर आणायची, तोंडातला गळ काढायचा आणि परत पाण्यात सोडायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "मग जाता कशाला?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जगाची मंगळसूत्रं ओवता, सगळी गळ्यात घालता का?" उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. ही त्यांची खोड होती.

मासे मात्र त्यांना खायला आवडत. आमच्या बाजारात मंदाबाई बसते, तिच्याकडून दर बुधवारी आणायचे. सोडलेल्या माशाचं पुण्य आणि विकतच्या माशाचं कालवण, दोन्ही त्यांना हवं होतं.

दोऱ्याबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. तंगूस, म्हणजे तो काचेसारखा दिसणारा नायलॉनचा दोरा, त्यांना खालच्या जातीचा वाटे. म्हणायचे, तंगूस ताणतो. मासा तिकडे तोंड लावतो आणि तुम्हाला कळतं उशिरा, जसं लांबच्या नातेवाइकाकडून निरोप यावा. विणलेला दोरा ताणत नाही. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. पण विणलेला घ्यायचा तर कोणता, यावर ते तासभर बोलत. उघड्या पाण्यात लहान आमिष लांब फेकायचं असेल तर बारीक आणि आठ पदरी, तो आवाज न करता गळाच्या काठीवरच्या कड्यांमधून सुटतो. गवतात बेडूक फेकायचा तर चार पदरी, जाड, चाळीस पौंडी, म्हणजे तेवढं ओझं पेलणारा. तो खरखरीत असतो, गवत कापत येतो आणि मासा गवतात घुसला तरी ओढून काढता येतो. "पाण्यात काय आहे ते बघून दोरा घ्यावा," असं ते म्हणायचे, "मनात काय आहे ते बघून नाही."

एकदा ते मला म्हणाले, तुमची मंगळसूत्रं या दोऱ्यात ओवा, जन्मात तुटणार नाहीत. मी म्हटलं, तेच तर नको आहे. हल्ली मोटरसायकलवरून येऊन गळ्यात हात घालतात. चोराने हिसका दिला तर दोरा तुटावा, बाईची मान नाही. त्यांनी माझ्यापुढचा दोरा बोटावर घेतला. मग म्हणाले, "तुमचा दोरा तुटला तर जीव वाचतो. माझा तुटला तर जीव जातो."

ते खरंच होतं. दोरा तुटला की मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. मरळीच्या घशात तो बेडूक अडकून बसला की तिला खाता येत नाही. ती पाण्यात उपाशी मरते, आणि ते कुणाला दिसत नाही. भावजी हे प्रत्येकाला सांगायचे. मासा सोडणार असाल तर तो पूर्ण सोडा, म्हणायचे, तोंडात तुमची वस्तू ठेवून नाही.

दोऱ्याच्या पुढच्या टोकाला ते वीतभर जाड तंगूस जोडायचे आणि तो जोड माझ्याकडच्या लाल रेशमाने गुंडाळायचे, आपल्या घरच्या पद्धतीने, पदकाच्या कडीवर गुंडाळतात तसा. त्याची काही गरज नव्हती. माशाला लाल आणि पांढरं काय कळणार? पण मंडळीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की लाल रेशीम म्हणजे काकांची काठी. नोकरी करणारे, संगणकावर बसणारे, कुणी दुकानदार, असे सगळे त्यांना काका म्हणत. जेवताना फोन यायचे, काका, कोणता दोरा घेऊ? भावजी घास हातात धरून उलट विचारायचे, कुठे जाणार, काय फेकणार, खाली गवत आहे की दगड? भात गार व्हायचा. मी ताट झाकायचं सोडून दिलं होतं.

राऊत म्हणून एक तिशीतला मुलगा होता, भंडाऱ्याकडचा. कोथरूडला भाड्याने राहायचा, कुठल्याशा कंपनीत होता. बोलणं मऊ, वाक्याच्या शेवटी 'ना'. एका रविवारी मंडळींनी घरच्यांना घेऊन यायचं ठरवलं, म्हणून मीही दशम्या आणि चटणी घेऊन गेले होते. राऊतची बायको नवीन लग्न झालेली, चटईच्या कडेला अवघडून बसली होती. तिला मी दशमी दिली तर अर्धी मोडून अर्धी परत ठेवली.

दुपारी राऊतला मासा लागला. काठी वाकली, सगळे उभे राहिले, आणि दोरा तटकन तुटला. मासा बेडकासकट गेला. भावजी चालत त्याच्यापाशी गेले, त्याच्या रिळावरचा दोरा बोटात घेतला आणि विचारलं, किती पौंडी? राऊत म्हणाला, पंधरा. मग भावजी बोलायला लागले. आवाज चढवला नाही, तो त्यांचा कधी चढायचा नाही, पण पाण्यावर सगळं ऐकू जातं. ते म्हणाले, बेडूक चार पावलं लांब पडावा म्हणून तुम्ही बारीक दोरा लावलात, आता तो मासा महिनाभर मरत राहील, तुमच्या हौसेसाठी. राऊत म्हणाला, "काका, आमच्याकडे तलावावर..."

"तुमच्याकडचं तुमच्याकडे," भावजी म्हणाले. "दोरा निवडता येत नसेल तर पाण्यावर येऊ नये. बाजारात जावं, मासा पिशवीत घालून देतात."

दोघेचौघे हसले. राऊतने सामान आवरलं. त्याची बायको चटईची घडी घालत होती, ती चटई आमची होती, हे तिच्या लक्षात आल्यावर तिने ती परत उलगडून ठेवली. त्यानंतर राऊत यायचा बंद झाला. भावजी घरी येताना खुशीत होते. म्हणाले, एकाला बोललं की दहा सुधारतात.

त्या काळात भावजींचा उजवा खांदा धरायला लागला होता. शर्ट घालताना तोंड वाकडं करायचे. मी तेल लावा म्हटलं की विषय बदलायचे. जाड दोरा लांब जात नाही, त्याला खांद्याचा जोर लागतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग पाऊस होऊन गेला, आणि एका बुधवारी आम्ही दोघं मंदाबाईकडे गेलो. तिच्यापुढे एक मरळ होती. डोकं चांगलं मोठं आणि मागे अंग असं वाळलेलं की नुसता पट्टा. मंदाबाईने तिचा जबडा दोन बोटांनी उघडून दाखवला. आत प्लास्टिकचा हिरवा बेडूक रुतलेला होता. "काका, तुमच्या लोकांचं खेळणं बघा," ती म्हणाली. "बिचारीला गिळता येईना, थुंकता येईना. ही कोण घेणार आता?"

बेडकातून वीतभर तंगूस बाहेर आला होता. त्याच्या टोकाला जोड होता. जोडावर लाल रेशीम होतं.

भावजींनी ते पाहिलं. मी पाहिलं हेही त्यांनी पाहिलं. मंदाबाईने सुरी घालून बेडूक सोडवला आणि त्यांच्या हातावर ठेवला. ते म्हणाले, "कुणा नवख्याचं दिसतंय." बेडूक रुमालात गुंडाळून खिशात घातला. नवख्यांना सांगून सांगून थकलो, असंही म्हणाले. मंदाबाई त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, काकांसारखा माणूस मिळणार नाही अशा अर्थाने. मी तिथे आडनावाने आणि नात्याने त्यांची होते. मला मान वर करवेना.

घरी आल्यावर मी म्हटलं, इकडे द्या. त्यांनी रुमाल दिला. जोडाच्या पलीकडे बोटभर दोरा शिल्लक होता. मी सुईने त्याची वीण उसवली. पदर आठ निघाले.

"रेशीम माझं आहे," मी म्हटलं.

"हो."

"आणि गवतात आठ पदरी?"

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "वहिनी, खांदा उचलत नाही. माझा बेडूक पायाशी पडायचा, त्या पोरांचे गवताच्या पार. ते बघत होते." दोऱ्याचा रंग जाड दोऱ्यासारखाच हिरवा घेतला होता, म्हणून लांबून कुणाला कळलं नव्हतं. मासा दोरा तोडून गेला तेव्हा मंडळींना सांगितलं, फांदीत अडकलं. लोकांनी मान डोलावली. काकांचा दोरा मासा तोडेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मी स्वयंपाकाला लागले. मी समजूत घालणारी बाई नाही.

नंतर ते रविवारचे जाईनासे झाले. गुडघा दुखतो म्हणून सांगायचे, दुखत होता खांदा. फोन आला की वाजू द्यायचे. कोणता दोरा घेऊ, असं विचारायला एक जण घरी आला, तर आतूनच म्हणाले, दुकानदाराला विचारा, तो सांगेल. पैज लावून सांगते, त्या दुकानदाराबद्दल चांगलं असं ते जन्मात पहिल्यांदाच बोलले. जेवायला यायचे, भात गरम खायचे आणि वर जायचे. माणूस सुधारला असं बाहेरच्याला वाटलं असतं. मला ते खाली घातलेलं डोकं बघवत नव्हतं. एवढं तोंड चालवणारा माणूस मीठ मागायलाही बिचकत होता.

एक दिवस मी म्हटलं, "राऊतला सांगा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं नंतर बघू. त्याला सांगा."

चार दिवस गेल्यावर ते म्हणाले, तुम्ही चला बरोबर. दोन बस बदलून आम्ही कोथरूडला गेलो. सगळ्या वाटेत त्यांचा हात खिशावर होता, बेडूक त्या खिशात होता. राऊतने दार उघडलं, भावजींना पाहिलं, आणि खाली वाकून पायांना हात लावला. भावजी मागे सरकले, तर मला धडकले.

राऊत म्हणाला, "काका, बसा ना. मीच येणार होतो, हिंमत नाही झाली. माझी चूक होती ना तेव्हा." आत गेला आणि नवीन रीळ घेऊन आला. चाळीस पौंडी, चार पदरी. "तुम्ही सांगितलं तसंच घेतलं. एकदा बघून द्या ना."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. मी आतल्या पडद्याकडे बघत होते.

भावजींनी चष्मा काढला. दोरा सोडवला. तो ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली आणला, नुसता बोटांनी चाचपला. म्हणाले, चांगला आहे. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर दोरा तिथेच जळतो. रिळावर आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर हा गुळगुळीत दांड्यावर गरगर फिरतो. राऊत माना डोलावत होता. सगळं बरोबर सांगत होते. मी वाट बघत होते. चहा संपला. उठताना भावजी म्हणाले, "येत्या रविवारी या. नक्की या."

राऊतचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, काकांनी माफ केलं.

बसथांब्यावर मी त्यांना बोलले. जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, पाया पडून घ्यायला आला होतात का एवढ्या लांब? ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्याला चारचौघांत बोललो होतो. खोलीत सांगून कसं चालेल?" हे खरं होतं की तेव्हाच सुचलं होतं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

रविवारी मी मुद्दाम गेले. त्यांनी काठी घेतली नव्हती. मंडळींनी काका आले म्हणून गलका केला. राऊत बायकोशिवाय आला होता. भावजींनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि रुमाल उघडला.

"हा बेडूक माझा आहे," ते म्हणाले. "मरळीच्या घशातून निघाला. दोरा पंधरा पौंडी, आठ पदरी. फांदीत अडकलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं."

कुणीतरी म्हणालं, काका, एवढं काय मनावर घेता, होतं असं. दुसरा म्हणाला, तुमच्या हातून एक गेला तर आमच्या हातून शंभर जातील. एक जण तर हसला आणि लगेच विचारायला लागला, काका, ते जाऊ द्या, मुळशीला जायचंय, कोणता दोरा घेऊ? त्यांना काका हवे होते. बेडूक कुणाला नको होता. मला त्या मंडळींची लाज भावजींपेक्षा जास्त वाटली.

राऊत हसला नाही. त्याने विचारलं, "काका, बारीक दोरा कधी लावला होता?"

राऊतला बोलल्यानंतरचं आहे, असं भावजींना म्हणता आलं असतं. मीही तेच धरून चालले होते.

"तुम्हाला बोललो त्या दिवशी रिळावर तोच होता," ते म्हणाले.

राऊत थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी बायको उभी होती ना तिथं." एवढंच. काठी उचलली आणि काठाकाठाने लांब गेला, गवताच्या टोकाला, आणि आमच्याकडे पाठ करून फेकायला लागला.

हळूहळू बाकीचेही पांगले. त्या दिवशी भावजींना पुन्हा कुणी काही विचारलं नाही. ते एका दगडावर बसले. मी शेजारी. डबा आणला होता, तो उघडला नाही. राऊतचं फेकणं चुकत होतं, मलाही दिसत होतं, मनगट उशिरा सोडत होता. भावजींचा हात दोनदा वर आला आणि मांडीवर परत गेला.

ऊन उतरताना राऊतची काठी वाकली. मासा मोठा असावा. तो गवतात घुसला, दोरा करकरत गवत कापत आला, मंडळी धावली, कुणी ओरडलं ढील देऊ नको, कुणी ओरडलं ढील दे. भावजी उठले नाहीत. मासा काठाला लागला तशी सगळ्यांनी गर्दी केली. आम्हाला दिसत होत्या फक्त पाठी. मग राऊत गुडघ्यावर बसलेला दिसला, खूप वेळ वाकून काहीतरी करत होता. मग पाण्याचा आवाज झाला.

राऊत उभा राहिला, हात पँटला पुसले. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं मला वाटत नाही.

भावजींचा चष्मा खिशातच होता. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, निघाला का बेडूक तोंडातून?"

मी म्हटलं, निघाला. तेवढ्या लांबून मला काय दिसणार होतं?